चाकाचा आवाज ऐका, वेळीच बेअरिंग बदला

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत चारचाकी गाडी शिरली की पोरे तिच्यामागे धावत सुटायची. ती गाडी एक तर निवडणुकीतल्या उमेदवाराची असायची, नाही तर पोलिसांची. आज तशी स्थिती राहिलेली नाही. शिकलेल्या मुलामुलींनी नोकऱ्या धरल्या, कुणी कर्ज काढले, कुणी साहेबाची जुनी गाडी हप्त्याहप्त्याने घेतली, आणि आपल्या चाळींसमोर, बुद्धविहाराच्या भिंतीलगत गाड्या उभ्या दिसू लागल्या. त्यातल्या बहुतेक सेकंडहँड. मारुती ८०० तर अजूनही दिसते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही ती आपल्याकडे टिकून आहे, कारण आपल्याला परवडणारी गाडी तीच.

गाडी आली, पण तिच्या पोटातली विद्या तिच्याबरोबर आली नाही. ती गॅरेजवाल्याकडेच राहिली. तो म्हणेल ते खरे आणि तो मागेल तो दाम. वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात मी एकाच लहानशा कामाबद्दल सांगणार आहे. ते म्हणजे मागच्या चाकाचे बेअरिंग. हे काम आम्ही चाळीच्या अंगणात, घरच्या घरी केले. ते करताना जे हाती लागले त्याने अंगावर काटा आला, म्हणून हे लिहायला बसलो.

नानांचा कान

आमची गाडी २००९ सालची. त्या वर्षी २० मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, कुटुंबासह महाडला जायचे ठरले होते. त्याआधीच्या रविवारी एका लग्नासाठी कल्याणहून पनवेलला गेलो. येताना वडील, म्हणजे आमचे नाना, मागच्या सीटवर डावीकडे बसले होते. गाडीने जरा वेग घेतला की खालून घूंऽऽ असा आवाज येत होता. मला वाटले, टायर झिजला असेल. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, हा टायर नव्हे. हा बेअरिंगचा आवाज आहे. रिंग खात्यात आयुष्य काढलंय मी."

नाना परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला तोपर्यंत त्यांनी रिंग खात्यात काम केले. हजारो चात्या एकदम फिरत असताना त्यातली एखादी सुकी पडली तर तिचा सूर वेगळा लागतो आणि सवयीच्या कानाला तो लगेच कळतो, असे ते सांगत. माझ्या कानाला मात्र सगळा गोंगाट एकसारखाच वाटायचा.

मी क्लच दाबला. इंजिनचा आवाज खाली गेला, पण घूं तशीच राहिली. गाडीचा वेग उतरला तशी तीही उतरली. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकात आहे. ही पहिली खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. दुसरी खूण वळणावर कळते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर येतो. आमचा आवाज उजव्या वळणावर वाढत होता आणि डाव्या वळणावर मंदावत होता. म्हणून दोष डाव्या बाजूचा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर एक आणि काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणेघेणे नसते.

घरी आल्यावर आमच्या थोरल्या मुलीने मागचे डावे चाक जॅकवर उचलले. ती आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकचे शिक्षण घेते. तिने चाक वर आणि खाली दोन हातांनी धरून हलवले. कट्कट् असा बारीक खेळ लागला. मग एका हाताने चाक फिरवत दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला आणि मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही हात लावा." हाताला खरखर लागली, वाळूवरून पाटा ओढावा तशी. चांगल्या चाकात असे काही लागत नाही. उजव्या बाजूला लावून पाहिले, तिथे नुसती गुळगुळीत सरक होती.

आमच्या आयुष्यमती म्हणाल्या, "महाडला एस.टी.ने जाऊ या." नाना म्हणाले, "एस.टी.ने जा, पण चाक दुरुस्त करून जा. असंच उभं ठेवलंत तर उद्या कुणी तरी ही गाडी घेऊन बाहेर पडेलच." मुलगी म्हणाली, "आपण घरीच काढू."

बेअरिंग म्हणजे काय?

मारुती ८०० ची पुढची चाके इंजिनच्या जोराने फिरतात. मागची चाके नुसती ओढली जातात. मागच्या चाकाच्या मध्यभागी एक न फिरणारा पोलादी खुंटा आहे. त्याच्याभोवती ब्रेकचा ड्रम फिरतो आणि ड्रमवर चाक बसते. फिरणारा ड्रम आणि न फिरणारा खुंटा यांच्यामध्ये दोन बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. त्यांच्यामध्ये नळीसारखा एक तुकडा असतो, त्याला स्पेसर म्हणतात. प्रत्येक बेअरिंगमध्ये दोन पोलादी कडी असतात आणि त्यांच्यामधून गोट्या धावतात. आतले कडे खुंट्यावर स्थिर राहते, बाहेरचे कडे ड्रमबरोबर फिरते. गाडीच्या मागच्या भागाचा सगळा भार या चार लहान बेअरिंगांवर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. ग्रीस वाळले, पाणी शिरले, किंवा बसवताना चुकीचा घाव बसला, की गोट्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. तिथून तो आवाज सुरू होतो.

जाता जाता एक गोष्ट. आज सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या एस.के.एफ. या बेअरिंग कंपनीचा जन्म स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या एका कापडगिरणीत झाला. तिथली जमीन चिकणमातीची. ती खचली की गिरणीतले लांब शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंग वारंवार खराब होत. स्वेन विंगक्विस्ट नावाचा त्या गिरणीतला देखभालीचा इंजिनिअर या कटकटीला कंटाळला. त्याने दुहेरी गोट्यांचे, स्वतःच वाकून जुळवून घेणारे बेअरिंग बनवले, आणि १९०७ साली कंपनी उभी राहिली. याच कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. हे नानांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "त्याला बेअरिंग बिघडलं तर ते उघडून बघायची मुभा होती. आमच्या वेळी आम्हाला यंत्राला हात लावायचीच मुभा नव्हती."

नानांचे म्हणणे खोटे नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य समाजाच्या कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे साचे खात्यात, घेत नसत. धोट्यातून सूत ओढताना त्याला तोंड लावावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, त्यात विटाळ होणार! साचे खात्यात पगार जास्त होता. आपल्या माणसांच्या वाट्याला मुख्यतः रिंग खाते आले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. यंत्र कुणी चालवायचे आणि कुणी नाही, हे कौशल्याने नव्हे तर जन्माने ठरत होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा तंत्रशिक्षणाची योजनाही त्यांच्याच खात्याकडे होती. आज आमची मुलगी पाना हातात घेते तेव्हा नाना तिच्याकडे का बघत राहतात, ते सांगायला नको.

तयारी

पुढचा शनिवार तयारीत गेला. या कामात बेअरिंगपेक्षा गाडी कोसळण्याचे भय मोठे आहे, म्हणून आधी तेच सांगतो. मागचे चाक काढायचे म्हणजे हँडब्रेक सोडावा लागतो, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो. तो सोडला की गाडीला अडवणारे काहीच उरत नाही. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. पुढची चाके इंजिनला जोडलेली असल्याने ती अडकून राहतात. त्याशिवाय पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड लावायचे. जमीन सपाट आणि टणक हवी. आमच्या अंगणात उतार आहे म्हणून आम्ही गाडी विहारासमोरच्या फरशीवर नेली. तिथल्या उपासकांनी हरकत घेतली नाही, उलट दोघेजण मदतीला आले.

जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. गाडी उचलली की लगेच खाली लोखंडी घोडी लावा. घोडी नसेल तर रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे आडवे तुकडे चालतील. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक मुळीच नकोत, ते भाराखाली न सांगता फुटतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. मी हे दरडावून सांगतो, कारण असे करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यातल्या एकाची बोटे आता नाहीत.

सामान फार लागत नाही. चाकाचा पाना, मोठा गोटी पाना आणि त्याच्या दांड्यावर चढवायला दोन हात लांबीचा पाइप, पक्कड, हातोडा, एक लांब पंच, जाड कापड, रॉकेल, बेअरिंगचे ग्रीस, नव्या बेअरिंगचा जोड आणि नवी स्प्लिट पिन. टॉर्क पाना मात्र हवाच. आम्ही तो ओळखीच्या टायरवाल्याकडून दोन तासांसाठी आणला. बेअरिंग घेताना पक्के बिल घ्या. बाजारात नकली माल फार आहे. खोक्यावरचा ठसा आणि कड्यावर कोरलेला नंबर एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. आत-बाहेरची दोन्ही बेअरिंग एकदमच बदलायची. एक जुने ठेवून वाचलेले पैसे सहा महिन्यांत दुप्पट होऊन जातात.

खिळा

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर काम सुरू केले. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे चारही नट थोडे सैल केले. मग मधली पत्र्याची टोपी हलक्या हाताने ठोकत काढली. त्या टोपीखाली खुंट्याच्या टोकाला एक मोठा नट असतो. त्याला बुरुजासारख्या खाचा असतात. खुंट्याला आरपार भोक असते, आणि नटाच्या खाचेतून व त्या भोकातून एक स्प्लिट पिन घालून तिची टोके वाकवतात. नट फिरू नये एवढेच त्या पिनेचे काम. पिनेची किंमत दोन-चार रुपये.

आमच्या गाडीत तिथे पिन नव्हती. तिथे खिळा होता. साधा लाकूडकामाचा खिळा, वाकवून घातलेला. तो गंजला होता आणि मधोमध कापत आला होता. पक्कड लावताच त्याचे दोन तुकडे झाले.

मुलीने ते दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. कुणी काही बोलले नाही. त्या चाकावर बसून आम्ही वर्षभर हिंडलो होतो. नाना, आयुष्यमती आणि दोन्ही मुले त्याच गाडीत असायची.

आता यातला धोका नीट समजून घ्या. डाव्या बाजूने पाहिले तर गाडी पुढे जाताना चाक घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. आमच्या गाडीतल्या नटाचे आटे सरळ आहेत, म्हणजे नट सुटतोही त्याच उलट्या दिशेने. बेअरिंग चांगले असते तोपर्यंत आतले कडे स्थिर राहते आणि नटाला काही होत नाही. पण बेअरिंग अडकू लागले की ते आतल्या कड्याला आपल्याबरोबर ओढते, आणि ते कडे नटाला सुटायच्या दिशेने रेटते. अशा वेळी नटाला थोपवणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे पिन. आमच्याकडे तिच्या जागी अर्धा कापलेला खिळा होता. कर्नाळ्याच्या किंवा सुकेळीच्या खिंडीत तो तुटला असता तर ड्रमसकट चाक निघून गेले असते.

वर्षापूर्वी हेच बेअरिंग एका गॅरेजात बदलून घेतले होते. त्या गॅरेजचे नाव मी लिहीत नाही. मी तिथे गेलो, खिळ्याचे तुकडे दाखवले. मालकाने खांदे उडवले आणि म्हणाला, पोराने घातला असेल. ते पोर मला आठवते. पंधरा-सोळा वर्षांचे असेल, हात कोपरापर्यंत काळे. दिवसभर "आटप लवकर" एवढेच त्याला ऐकू येत होते. कदाचित आपल्याच एखाद्या वस्तीतले असेल. पिन कशासाठी असते, हे त्याला कुणी सांगितले असेल का? पिन सापडली नाही, भोक मोकळे राहू नये म्हणून त्याने खिळा घातला. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने काळजीच घेतली! माझा राग त्याच्यावरून उतरला. मालकावरचा उतरलेला नाही.

ड्रम काढणे

नट सैल करताना मी ब्रेक दाबून धरला आणि मुलीने पाइपवर भार टाकला. हे सारे गाडी जमिनीवर असताना. मग गाडी उचलली, घोडी लावली, चाक काढले आणि हँडब्रेक सोडला. ड्रम सहसा सरळ निघत नाही. लायनर घासून ड्रमच्या कडेला उंचवटा तयार झालेला असतो, तो अडतो. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर एक घरगुती युक्ती आहे. चाक पुन्हा ड्रमवर चढवून दोन नटांनी धरायचे आणि दोन्ही हातांनी चाकालाच हळूहळू हलवत बाहेर ओढायचे. चाकाची पकड मोठी असल्याने जोर लागतो. पण हिसका देऊ नका, गाडी घोडीवर आहे हे ध्यानात असू द्या. तरीही निघाला नाही तर ब्रेकची आवळण सैल करावी लागते. ड्रमवर घण घालायचा नाही, तो बिडाचा असतो आणि तडकतो.

ड्रम निघाला की आत काळी धूळ दिसते. गॅरेजमधली पोरे ती तोंडाने फुंकतात किंवा हवेच्या पाइपने उडवतात. हे फार घातक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, आणि आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. तोंडाला फडके बांधा, धूळ ओल्या कापडाने पुसून घ्या आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका. लायनरला ग्रीस लागू देऊ नका, नाही तर ब्रेक लागणार नाही.

मग खुंटा तपासला. आतले कडे खुंट्यावर फिरले असेल तर तिथे खोल ओरखडे आणि निळसर जळका रंग दिसतो. तसे असेल तर नवे बेअरिंग घालून उपयोग नाही, ते टिकणार नाही. आमच्या खुंट्यावर बारीक रेघा होत्या, बोटाला लागत नव्हत्या. थोडक्यात वाचलो.

जुनी बेअरिंग ड्रममधून बाहेर काढण्यासाठी ड्रम उलटा करून लाकडावर ठेवला. मधला स्पेसर जरा बाजूला सरकवला की पंचाला टेकायला आतल्या कड्याची कड मिळते. मग एकदा इकडे, एकदा समोर, असे गोल फिरत ठोकायचे. एकाच बाजूला ठोकले की बेअरिंग तिरके होऊन अडकते. काढताना आतल्या कड्यावर ठोकले तरी चालते, कारण ते बेअरिंग आता भंगारातच जायचे आहे. घालताना मात्र याच्या अगदी उलट.

घालताना फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्यायचा. ते कडे ड्रममध्ये घट्ट बसायचे असते. आतल्या कड्यावर हातोडा मारला तर तो घाव गोट्यांमधून बाहेरच्या कड्यापर्यंत जातो, आणि प्रत्येक गोटीखाली एक बारीक खड्डा पडतो. नवे बेअरिंग बसवतानाच मेले! बाहेरच्या कड्याच्या मापाचा जाड पाइपचा तुकडा घ्या, किंवा जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे वर ठेवून त्यावर ठोका. मुलीने आदल्या रात्री नवी बेअरिंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेजारच्यांच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती, आणि ड्रम निघाल्यावर तो पुसून तासभर उन्हात ठेवला. गार पोलाद आकसते, गरम बीड फुगते. अंतर केसाएवढेही नसते, पण तेवढ्याने काम सोपे झाले. शेवटी आवाज बदलतो. ठक्ठक् ऐवजी टण् असा भरीव आवाज आला की बेअरिंग तळाला टेकले असे समजा. बेअरिंग नुसत्या हाताने आत गेले तर आनंद मानू नका, ड्रमची जागा झिजली आहे आणि ड्रमच बदलावा लागेल.

या बेअरिंगची एक बाजू बंद असते. ती बंद बाजू दोन्ही बेअरिंगांची बाहेर यायला हवी. दोन्हींच्या मधल्या पोकळीत ग्रीस भरायचे, पण ठासून नाही, निम्म्याहून थोडे कमी. ग्रीस फार झाले तर तापते आणि बाहेर येऊन लायनरवर पसरते. आणि स्पेसर विसरू नका. तो विसरला तर नट आवळताच दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे ओढली जाऊन चिरडतात.

आवळायचे किती?

इथे जुन्या ड्रायव्हरांचा एक समज दूर करायला हवा. पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रोलरची बेअरिंग असत. त्यांचा नट आवळून मग जरासा मागे घ्यायचा असतो. विहारापाशी मदतीला आलेले एक जुने टॅक्सीवाले काका आम्हाला तसेच करायला सांगत होते. "अगं पोरी, थोडा सैल कर, नाही तर जाम होईल." मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, यात स्पेसर आहे." आवळण्याचा सगळा जोर स्पेसर झेलतो, गोट्यांवर येत नाही. म्हणून या गाडीत नट पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत पूर्ण आवळायचा. सैल ठेवला तर आतले कडे खुंट्यावर फिरू लागते. तो आकडा मी मुद्दाम इथे देत नाही. गाडी बदलली की आकडा बदलतो. आपल्या मॉडेलचे पुस्तक पाहा आणि टॉर्क पाना वापरा. अंदाजाने आवळू नका.

आवळल्यावर नटाची खाच आणि खुंट्याचे भोक समोरासमोर आले नाही, तर पुढची खाच येईपर्यंत किंचित आणखी आवळायचे, मागे घ्यायचे नाही. मग नवी पिन. पिन नानांनी स्वतः घातली आणि टोके पक्कडीने वाकवून त्यांच्यावर दोनदा बोट फिरवले. टोपी लावली, चाक चढवले, गाडी खाली घेऊन चारही नट समोरासमोरच्या जोडीने आवळले. ब्रेक चार-पाच वेळा दाबून पाहिला, हँडब्रेक ओढून पाहिला, मगच गाडी हलवली. त्याच दिवशी उजव्या बाजूची टोपीही काढून पाहिली. तिथे पिन होती. खर्च आला तो गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

संध्याकाळी मुलीने जुने बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले, कापडात गुंडाळून त्याची जाळी तोडली आणि दोन्ही कडी वेगळी केली. गोट्यांच्या वाटेवर सारख्या अंतरावर खड्डे होते, जितक्या गोट्या तितके. म्हणजे वर्षापूर्वी ते आतल्या कड्यावर हातोडा मारूनच बसवले गेले होते. आता त्या गोट्यांनी धाकटा खेळतो.

कुठले काम घरी करू नये

हा लेख वाचून कुणी सरसकट पाना हातात घेऊ नये. ओम्नी, टेम्पो, जुन्या प्रीमियर पद्मिनी अशा ज्या गाड्यांची मागची चाके इंजिनच्या जोराने फिरतात, त्यांचे मागचे बेअरिंग शाफ्टवर कड्याने घट्ट दाबून बसवलेले असते. ते काढायला प्रेस लागतो. आपण फार तर शाफ्ट बाहेर काढून लेथवाल्याकडे न्यायचा. नव्या गाड्यांत बहुधा दोन्ही बेअरिंग मिळून एकच बंद पेटी असते. ती बोल्टने बसणारी असेल तर घरी जमते, दाबून बसणारी असेल तर तीही प्रेसवरच. अशा पुष्कळ गाड्यांत मधला नट एकदाच वापरायचा असतो, त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. जुना नट परत लावू नका. ज्या गाड्यांत ए.बी.एस. ब्रेक आहेत त्यांच्या पुष्कळ बेअरिंगांच्या एका तोंडाला चुंबकीय पट्टी असते. उलटे बसवले तर ते फिरते खरे, पण डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ए.बी.एस. बंद पडतो.

घरी करा किंवा गॅरेजात करा, पण उभे राहून बघा. बाहेरच्या कड्यावर ठोकतात की आतल्या? स्पेसर परत गेला का? पिन नवी आहे का? हे तीन प्रश्न विचारायला आय.टी.आय. लागत नाही. आमच्या आयुष्यमती आता विचारतात, आणि गॅरेजवाला त्यांच्याकडे बघून गप्प बसतो.

२० मार्चला पहाटे आम्ही निघालो. पेण सोडल्यावर मी खिडक्या बंद करायला सांगितल्या आणि सगळे गप्प बसून ऐकू लागले. सुकेळी खिंडीतली उजवी वळणे आली आणि गेली. आवाज नव्हता. माणगावला चहासाठी थांबलो तेव्हा नाना खाली उतरले, मागे गेले, आणि आधी डाव्या, मग उजव्या चाकाच्या मधल्या टोपीवर तळहात ठेवला. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. मग ते चहाच्या टपरीकडे वळले.